किडनी बसवल्यावर पाचव्या महिन्यात सीएमव्ही : एका बहिणीच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ३४ वर्षांचा, वजन ६० किलो. पाच महिन्यांपूर्वी आईची किडनी बसवली. विषाणूविरोधी गोळी पहिले तीन महिने होती, मग बंद झाली. आता बारा दिवस पातळ जुलाब, भूक गेलेली, अंगात कणकण. पांढऱ्या पेशी २,१००. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) १.२ वरून १.६. सीएमव्ही या विषाणूची रक्तातली मोजणी, म्हणजे पीसीआर, १८,४०० आययू. डॉक्टरांनी रिजेक्शन (अंगाने बसवलेली किडनी नाकारणं) रोखणारी गोळी मायकोफेनोलेट निम्म्यावर आणली आणि सीएमव्हीवरच्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ४५० ची एक गोळी सकाळी, एक रात्री सुरू केली. बहिणीचे प्रश्न : रिजेक्शनची गोळी कमी केली तर किडनी जाईल का? नेटवर डोस दुप्पट लिहिलाय, मग आम्हाला अर्धा का? घरात एक वर्षाची भाची आहे, तिला दूर पाठवायचं का? आणि पत्राच्या तळाशी एक ओळ : ‘आई सारखी म्हणते, माझ्याच किडनीतून गेलं त्याच्या अंगात.’

आईंचं आधी घेतो. जुलाब थांबायला दोन आठवडे लागतील, पण त्यांच्या डोक्यावरचं हे ओझं आजच उतरवता येईल.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. कांजिण्या, नागीण, तापानंतर ओठावर उठणारे फोड हे ज्या घराण्याचे विषाणू, त्यातलाच हा एक. या घराण्याची खोड अशी की एकदा अंगात शिरले की जन्मभर मुक्काम. आपल्या देशात मोठ्या माणसांची तपासणी केली तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांच्या रक्तात सीएमव्हीच्या अँटिबॉडी सापडतात. माझ्याही असणार, तुमच्याही. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो : लाळेतून, लघवीतून, आणि अगदी नेहमीची वाट म्हणजे आईच्या दुधातून. साधी सर्दी-तापासारखी कुरबुर होते किंवा तीही होत नाही, आणि मग तो रक्तपेशी तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशींमध्ये गप्प पडून राहतो.

तुमच्या फाइलमध्ये ऑपरेशनच्या आधीचा एक कागद असेल, ‘सीएमव्ही आयजीजी’ (सीएमव्हीच्या अँटिबॉडीची तपासणी) असं लिहिलेला, एक आईंचा आणि एक भावाचा. तो काढून बघा. माझा अंदाज आहे की दोन्ही पॉझिटिव्ह असतील. अंदाज कशावरून, तर गोळी तीनच महिने दिली यावरून. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह ही सगळ्यात धोक्याची जोडी. तिच्यात आम्ही सहा महिने गोळी देतो, कारण १०० दिवसांऐवजी २०० दिवस दिली तर आजार बराच कमी होतो हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. घेणारा स्वतःच पॉझिटिव्ह असेल तर तीन महिने. म्हणजे ऑपरेशनच्या कितीतरी वर्षं आधीपासून हा विषाणू भावाच्या अंगात होता. आता उठलेला कुठला, त्याचा स्वतःचा की किडनीबरोबर आलेला, हे नेहमीच्या तपासणीत सांगता येत नाही, आणि उपचाराला त्याने काही फरकही पडत नाही. एका ओपीडीत अशाच एका माउलीने मला हाच प्रश्न विचारला होता, रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, ‘मावशी, तुमच्याकडून त्याला मिळालाच असेल, तर तो तान्हा असताना मिळाला असेल. तेव्हा दूध पाजलं म्हणून आता अपराधी वाटून घेणार का?’ त्या हसल्या. पिशवी मांडीवर आली.

दात्याकडून भलतंच काही आल्याची उदाहरणं जगात नाहीत असं नाही. २००४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये एकाच दात्याचे अवयव आणि एक रक्तवाहिनी मिळालेले चौघे रेबीजने गेले. दात्याला रेबीज होता हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून मेंदूज्वराचं नेमकं कारण न कळलेल्या माणसाचे अवयव घ्यायला आम्ही कचरतो. पण ती गोष्ट वेगळी आणि अतिशय विरळ. आईंच्या बाबतीत तसं काही नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

मग पाचव्या महिन्यातच का उठला? ट्रान्सप्लांटच्या गोळ्या ज्या पेशींना लगाम घालतात, त्याच टी पेशी या जुन्या भाडेकरूंवर नजर ठेवून असतात. किडनी वाचवायची तर पहारेकऱ्याला अर्धवट झोपवावंच लागतं. सुरुवातीला एटीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्या पेशी आणखी खोल झोपतात. प्रतिबंधाची गोळी विषाणूला मारत नाही, वाढू देत नाही एवढंच. ती थांबली की पुढच्या दोन-तीन महिन्यांत काही रुग्णांमध्ये तो डोकं वर काढतो. त्यामुळे तुमच्या भावाचं झालंय ते अगदी ठरलेल्या वेळी झालंय, कुणाच्या निष्काळजीपणाने नाही. मात्र गोळी बंद होताना ‘आता ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी यांवर लक्ष ठेवा’ असं कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. ते बऱ्याच ठिकाणी राहून जातं. बारा दिवस जुलाब अंगावर काढले गेले ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

आता मायकोफेनोलेट. ट्रान्सप्लांटच्या घरांमध्ये या गोळ्यांना देवघरातल्या वस्तूंसारखा मान असतो, आणि तो असायलाच हवा. म्हणून डॉक्टरांनीच एक गोळी कमी केली की धस्स होतं. पण इथे हिशेब बघा. मायकोफेनोलेटने पांढऱ्या पेशी कमी होतात. सीएमव्हीने होतात. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरनेही होतात. न्यूमोनिया टाळायला जी सल्फाची गोळी चालू असते तिचाही त्यात हातभार. चार जण मिळून एकाच पोत्याला भोक पाडत असतील तर एकाला बाजूला करावं लागतं. त्यात मायकोफेनोलेटमुळे स्वतंत्रपणे जुलाबही होतात. त्यामुळे तीच गोळी निम्म्यावर आणणं हे पहिलं शहाणपणाचं पाऊल. रिजेक्शन रोखणारी बाकीची दोन औषधं, टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड, चालू आहेत ना? मग किडनी उघडी पडलेली नाही. रिजेक्शनचा धोका शून्य नसतो. पण सीएमव्ही तसाच वाढू दिला तर तो स्वतःच रिजेक्शनला आमंत्रण देतो आणि बुरशीच्या संसर्गालाही दार उघडतो. विषाणू आटोक्यात आला की मायकोफेनोलेट हळूहळू पूर्वपदावर नेतात. कधी, हे डॉक्टर ठरवतील. घरी कुणीही परस्पर काही वाढवायचं-कमी करायचं नाही. पांढऱ्या पेशी फारच उतरल्या, तर त्या वाढवायचं इंजेक्शन मिळतं. ते घ्यावं, पण विषाणूची गोळी अर्धी करू नये.

आणि आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न : डोस.

नेटवर वाचलेलं बरोबर आहे. उपचाराचा पूर्ण डोस ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे ४५० च्या दोन-दोन गोळ्या. पण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद चालत असेल तर तेवढ्या डोसने रक्तातलं औषध साठत जातं आणि पांढऱ्या पेशी खड्ड्यात जातात. म्हणून आम्ही क्रिएटिनिनवरून किडनीचा वेग काढतो. तुमच्या भावाचाच काढून दाखवतो. १४० मधून वय वजा करा : १०६. त्याला वजनाने गुणा : ६,३६०. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. १.६ असेल तर उत्तर येतं ५५. चाळीस ते एकोणसाठच्या दरम्यान असेल तर उपचाराचा डोस ४५० दिवसातून दोनदा. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर दिलाय.

पण गोष्ट इथे संपत नाही. जुलाब थांबले, पाणी भरून निघालं आणि क्रिएटिनिन परत १.२ झालं, तर तेच गणित ७४ च्या आसपास जातं. साठच्या वर गेलं की डोस ९०० दोनदा हवा. म्हणजे भाऊ बरा होत असताना गोळ्या वाढवाव्या लागतील. हे विसरलं जातं. ओपीडीत क्रिएटिनिन उतरलेलं बघून सगळे खूश होतात, ‘चालू आहे तेच चालू ठेवा’ म्हणतात आणि रुग्ण पुढचे तीन आठवडे अर्ध्या डोसवर राहतो. पुढच्या भेटीत क्रिएटिनिनचा आकडा आला की तुम्ही सरळ विचारा : ‘डॉक्टर, आता गोळीचा डोस तोच ठेवायचा की बदलायचा?’ एवढंच. कुणालाही राग येणार नाही.

अर्ध्या डोसचं मला इतकं का लागतं, ते सांगतो. हे औषध अंगात जातं तेव्हा झोपलेलं असतं. त्याला जागं करायला विषाणूचंच एक एन्झाइम लागतं. विषाणूने स्वतःच्या हाताने विष कालवावं, असा तो डाव आहे. औषध पुरेसं असेल तर विषाणू मरगळतो. पण थोडं-थोडं, महिनोन्‌महिने मिळत राहिलं, तर त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेले विषाणू तगतात आणि औषध जागंच होत नाही. मग हाताशी उरतं फॉस्कार्नेट, जे किडनीलाच त्रास देतं. म्हणजे ज्या किडनीसाठी एवढा खटाटोप, तिच्यावरच घाव. मॅरिबॅव्हिर नावाची गोळी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाली, पण ती आपल्या रुग्णांच्या खिशाच्या फार पलीकडे आहे.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचे एक गृहस्थ आले होते. विषाणूचा आकडा सहा आठवडे जागचा हलत नव्हता. मी म्हटलं, गोळ्यांचा डबा दाखवा. आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा, गुलाबी गोळ्या नीट लावलेल्या. पण दोन हव्यात तिथे प्रत्येक कप्प्यात एकच. विचारलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘साहेब, मुलीची फी भरायची होती. एक-एक घेतली तर महिनाभर पुरते.’ हिशेब चुकलेला होता, माणूस नव्हता. तेव्हापासून या गोळीची चिठ्ठी लिहिण्याआधी मी परवडण्याबद्दल विचारतो. तुमच्याकडेही तशी ओढाताण असेल तर लपवू नका. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांमधला राखीव कोटा, वेगवेगळे निधी, स्वस्त जेनेरिक, काही ना काही मार्ग निघतो.

ही गोळी तोडू नका, कुटू नका. तिची पूड गर्भाला घातक ठरू शकते. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. भाऊ आणि वहिनी मुलाचा विचार करत असतील, तर तो औषध थांबल्यावर काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून.

जुलाब फारच असतील, गोळी टिकतच नसेल, तर काही दिवस गॅनसायक्लोव्हिर सलाईनमधून द्यावं लागतं. त्यासाठी दाखल करायला सांगितलं तर घाबरून जाऊ नका.

आकडा कसा वाचायचा? १८,४०० म्हणजे खूप की थोडं, हे आकड्याकडे नुसतं बघून सांगता येत नाही. चाल बघायची. दर आठवड्याला एकदा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी नेमके जुळत नाहीत. १८,४०० चे १५,००० झाले म्हणून पेढे वाटू नका आणि २२,००० झाले म्हणून रडू नका; तिपटीच्या आतला चढउतार आम्ही फारसा मनावर घेत नाही. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा थोडा वर जाऊ शकतो. बरोबर डोसवर दोन आठवडे होऊनही उतरत नसेल तर मात्र औषधाला दाद न देणारा विषाणू आहे का, हे तपासायला हवं. गोळी कधी थांबवायची? जुलाब-ताप गेलेला हवा, आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या तपासण्यांमध्ये विषाणू दिसेनासा व्हायला हवा आणि किमान दोन आठवडे तरी पूर्ण झालेले हवेत. अनेकांना महिना-दीड महिना लागतो.

यातली आणखी एक मेख : आतड्यातला सीएमव्ही कधी कधी रक्तात फारसा दिसतच नाही. रक्ताचा आकडा उतरला पण जुलाब थांबत नाहीत, तर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुगलेली आणि मधोमध गडद ठिपका, भोवती पांढरं कडं, असं दिसतं. पुस्तकांत त्याला घुबडाच्या डोळ्याची उपमा देतात आणि एकदा पाहिलं की विसरत नाही. शौचाची तपासणीही राहिली असेल तर करून घ्या. नोरोव्हायरस नावाचा जुलाबाचा विषाणू चांगल्या माणसाला दोन-तीन दिवसांत सोडतो, पण ट्रान्सप्लांटच्या रुग्णात महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. त्याच्यावर हाताला चोळायचं सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि पाणीच.

क्रिएटिनिन १.६ कशाने झालं, यावर थोडं थांबू या. ट्रान्सप्लांटच्या माणसाचं क्रिएटिनिन वाढलं की घरच्यांच्या मनात एकच शब्द येतो : रिजेक्शन. बारा दिवसांच्या जुलाबात त्याहून साधी दोन कारणं समोरच आहेत. एक, अंगातलं पाणी गेलं. दुसरं, आतड्याचं अस्तर सुजलं की टॅक्रोलिमस नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं, त्याची पातळी चढते आणि चढलेलं टॅक्रो किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून टॅक लेव्हल केली का, ते विचारा. आणि ती करताना रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. ‘रिकाम्या पोटी नको म्हणून चहा-बिस्किट आणि गोळ्या घेऊन आलो’ असं सांगणारे दर आठवड्याला दोन तरी भेटतात. त्यांचा रिपोर्ट उगाच वर येतो आणि त्यावरून डोस कापला जातो.

पाणी भरून निघालं, टॅक जागेवर आलं, तरी क्रिएटिनिन उतरलं नाही, तर मग दुसऱ्या विषाणूचं नाव घ्यावं लागतं : बीके. १९७० मध्ये लंडनमध्ये किडनी बसवलेल्या एका सुदानी रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरंच त्याचं नाव झाली. हाही लहानपणी शिरून आपल्या बहुतेकांच्या किडनीत आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात दडून असतो. ताप नाही, दुखणं नाही, नुसतं क्रिएटिनिन हळूहळू चढतं. वरून बघता तो रिजेक्शनसारखाच दिसतो, आणि उपचार नेमका उलटा. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. बीकेमध्ये दाब सैल करायचा, कारण त्याच्यावर खात्रीचं औषधच नाही. माझ्याकडे उशिरा आलेल्या एका रुग्णाला दुसरीकडे बायोप्सी (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणं) न करता ‘रिजेक्शन असेल’ म्हणून स्टिरॉइडची तीन मोठी सलाईनं दिली गेली होती. बायोप्सीत बीके निघाला. किडनी वर्षभर तगली. म्हणून माझं मत पक्कं आहे : क्रिएटिनिन विनाकारण चढलं तर बायोप्सीला नाही म्हणू नका. सुई टोचायची भीती वाटते, ठीक आहे. पण अंदाजाने दिलेल्या औषधाची भीती जास्त वाटायला हवी. बीकेची रक्तातली पीसीआर पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी करावी, असा आजचा प्रघात आहे. भावाची गेल्या पाच महिन्यांत किती वेळा झाली, बघा.

भाचीबद्दल. तिला मामाकडून दूर पाठवायची काही गरज नाही. सीएमव्ही तिच्याकडे आधीच असण्याची शक्यता बरीच आहे, आणि लहान मुलांच्या लाळेत-लघवीत तो महिनोन्‌महिने असतोच. मामाने तिचं उष्टं खाऊ नये, डायपर बदलू नये, तिचं नाक वाहत असेल तेव्हा तिला कडेवर घेऊ नये. बाकी खुशाल खेळू दे. एक गोष्ट मात्र आवर्जून : पल्स पोलिओचे थेंब. त्यांतला विषाणू जिवंत, पण निर्बळ केलेला असतो आणि थेंब घेतल्यावर काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे पुढचा डोस थेंबांऐवजी इंजेक्शनने देता येईल का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि मामा एकाच घरात असल्याचं त्यांना सांगा. तिचं लसीकरण मात्र थांबवू नका. गोवर आणि कांजिण्यांची लस तिला द्यायलाच हवी. ती जिवंत लस असली तरी मुलाला दिल्याने घरातल्या ट्रान्सप्लांटच्या माणसाला सहसा धोका नसतो, उलट तिला कांजिण्या झाल्या तर मामाची पंचाईत. ती लस मामाला स्वतःला मात्र चालत नाही. घरात कुणाला कांजिण्या उठल्याच तर ‘बघू दोन दिवस’ न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

नागीण झाली तरीही तसंच. नागिणीने कमरेला वेढा पूर्ण घातला की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे आणि मंत्र घालून घ्यायला, लेप लावायला जाणारेही आहेत. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात ती खरोखरच वेढा ओलांडून अंगभर पसरू शकते, पण त्यावर उतारा अ‍ॅसायक्लोव्हिरचा, आणि जितका लवकर तितका बरा. नागिणीची नवी, जिवंत नसलेली लस आता भारतात मिळते. या आजारातून उठल्यावर तिच्याबद्दल विचारा. फ्लूची लस तर दर वर्षी, आणि एकट्या भावाला नव्हे, घरातल्या सगळ्यांना. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून मे-जूनमध्ये घेतलेली बरी. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. तो पावसाळा ज्यांनी वॉर्डात काढलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. भावाला ताप-खोकला आला तर फ्लूवरचं औषध ओसेल्टामिव्हिर रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात. पावसाळ्यात ताप आणि पेशी कमी म्हटलं की डेंगी आठवतो, तोही तपासायचाच. फक्त ‘डेंगीच असणार’ म्हणून सीएमव्हीची तपासणी राहू नये.

कोविड झाला आणि कुणी निरमॅट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरची गोळी लिहून दिली तर ती गिळण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. रिटोनाव्हिरमुळे टॅक्रोलिमस अंगातून बाहेरच पडत नाही, पातळी काही पटींनी चढते आणि हात थरथरायला लागतात, किडनी बंद पडायला येते. पपनसही त्याच कारणासाठी वर्ज्य. कोकणातले रुग्ण हे ऐकून हिरमुसतात, पण इलाज नाही.

आणि काढे. ‘याची प्रतिकारशक्ती कमी झालीय ना, मग गुळवेल द्या’ हे तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलंच असेल. प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम, मोजून कमी केली आहे. ती काढ्याने वाढवायला निघालो तर ती पहिला हल्ला आईच्या किडनीवरच करणार. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याची नोंद केली आहे. त्यावर वादही झाला, पण ट्रान्सप्लांटच्या माणसाने त्या वादात स्वतःचं यकृत कशाला घालावं? आणून देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून बाटली घ्या आणि ठेवून द्या.

तुम्ही ओघात काकांचाही उल्लेख केलाय : दम्याच्या आजाराने आयसीयूत, व्हेंटिलेटरवर, ट्रान्सप्लांट वगैरे काही नाही, आणि त्यांच्याही रक्तात सीएमव्ही निघाला. घाबरू नका, हे एकाच घरात पसरलेलं नाही. गंभीर आजारात प्रत्येकाचाच पहारा ढिला पडतो. आयसीयूतल्या अशा रुग्णांची नेमाने तपासणी केली तेव्हा आधीपासून अंगात विषाणू असलेल्यांपैकी सुमारे तिघांतल्या एकाच्या रक्तात तो उठलेला सापडला. पण तिथे आकडा दिसला की लगेच औषध, असं आम्ही करत नाही. औषधाने त्या रुग्णांचा ठोस फायदा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि पांढऱ्या पेशींचं नुकसान मात्र ठरलेलं. फुप्फुस किंवा आतडं खरंच त्या विषाणूने बिघडलंय असा पुरावा असेल तर वेगळं. काकांच्या डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायचं ठरवलं असेल तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

काकांना खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे कुणी दाखल झालं की पंधरा जण शहाळी घेऊन येणार, त्यातले दोघे शिंकत असणार. काकांना बघून आलेल्याने त्याच कपड्यांवर भावाच्या खोलीत जाऊ नये, आणि भावाने तर पुढचा महिना आयसीयूची पायरी चढूच नये. घरात दोन आजारी असले की ही धावपळ एकाच माणसावर पडते. तुमच्या पत्रावरून तो माणूस तुम्हीच दिसता.

उद्या-परवाच्या भेटीत विचारायच्या गोष्टी तुमच्या लक्षात आल्याच असतील : टॅक लेव्हल, क्रिएटिनिनबरोबर गोळीचा डोस, आठवड्याची पीसीआर, बीके. जुलाब वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा दिसायला अंधुक झालं तर भेटीची वाट न बघता त्याच दिवशी गाठायचं.

आणि आईंनाही बरोबर न्या. दात्याने किडनी दिल्यावर सहा महिन्यांनी, मग दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायचं असतं. मुलाच्या धावपळीत त्यांची फाइल कुठे ठेवलीय हे तरी घरात कुणाला आठवतंय का?